दिवेलागणीच्या आधी: यहुदी सण लागतो केव्हा

(वसई येथे स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे मुद्रित रूप)



यहुद्यांच्या धर्मशास्त्राचा थोरला ग्रंथ म्हणजे तालमूद. त्याचं पहिलं पान उघडलं तर देव कसा आहे, सृष्टी कशी झाली, पाप कशाला म्हणायचं, यांपैकी कशाचीच चर्चा तिथे सापडत नाही. पहिलाच प्रश्न वेळेचा आहे. ‘शमा’ ही प्रार्थना संध्याकाळी कधीपासून म्हणायची? त्यावर उत्तर येतं की, याजक अर्पणातला आपला वाटा खायला आत जातात तेव्हापासून. मग याजक आत कधी जातात? तारे दिसू लागले की. आणि तारे किती, कोणते, याचाही खल तालमुदात पुढे होतो.

आजचा माझा विषय या प्रश्नाचाच पुढचा भाग आहे. यहुदी सण धर्मशास्त्राप्रमाणे नेमका कधी लागतो? माझं म्हणणं आधीच सांगून ठेवतो. दिवस संपून रात्र लागते तो क्षण आपल्याला पक्का धरता येत नाही, अशी कबुली या शास्त्राने मोकळेपणाने दिली आहे. म्हणून त्याने माणसाला आज्ञा केली की तू थांबून राहू नकोस, तुझ्या कामाच्या वेळेतला थोडा वेळ काढून सणाला जोड. हे ‘थोडं आधी’ हाच या सणांचा गाभा आहे असं मी मानतो. आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल या यहुदी समाजाने ते पिढ्यान्‌पिढ्या सांभाळलं. आणि पोर्तुगीज अमलात, ज्या अमलात ही वसई होती, याच ‘थोडं आधी’पायी माणूस चौकशीच्या फेऱ्यात सापडू शकत होता.

वसईत हा विषय समजावून सांगायला फार लांब जावं लागत नाही. आपल्या एकाच गावात दिवस मोजायच्या निरनिराळ्या रीती नांदतात. हिंदू घरात दिवस सूर्योदयाला सुरू होतो, पण सण ठरवताना तेवढ्याने भागत नाही. दसऱ्याला अपराह्णकाळी दशमी लागते, महाशिवरात्रीला मध्यरात्री चतुर्दशी लागते, प्रदोषाला सूर्यास्तानंतरची त्रयोदशी. संकष्टीला तर भिंतीवरचं कालनिर्णय उलटून चंद्रोदयाचा तक्ता पाहतात आणि त्यात मुंबईची वेळ वेगळी, नागपूरची वेगळी. मुसलमान घरात रमजानचा चंद्र दिसला की त्याच रात्री तरावीहची नमाज होते, रोजा दुसऱ्या पहाटे. आणि आपल्या ख्रिस्ती बांधवांना हे सांगायची गरजच नाही, कारण शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारची म्हणून धरली जाते आणि नाताळ चोवीस तारखेच्या रात्रीच येतो.

ही ख्रिस्ती रीत आली ती यहुद्यांकडूनच. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचं ‘सुबोध बायबल’ ज्यांच्या घरी आहे त्यांनी उत्पत्तीचा पहिला अध्याय काढून पाहावा. सृष्टीच्या एकेका दिवसाचा हिशेब मिटवताना तिथे संध्याकाळ आधी येते आणि सकाळ नंतर. यहुदी दिवस म्हणून सूर्यास्ताला सुरू होतो. गुड फ्रायडेची हकीकतही या वेळेच्या हिशेबावर उभी आहे. येशूला क्रुसावरून उतरवून घाईघाईने जवळच्याच कबरेत ठेवलं, ते का? शुक्रवारचा दिवस कलला होता आणि शब्बाथ, म्हणजे शनिवारचा विश्रांतीचा पवित्र दिवस, लागायच्या बेतात होता. सूर्य मावळल्यावर ते काम करता आलं नसतं. सुगंधी द्रव्यं घेऊन स्त्रिया कबरेकडे निघाल्या त्या शब्बाथ पार पडल्यावर, रविवारी पहाटे. शास्त्रातली ही वेळ लक्षात घेतली नाही तर त्या सगळ्या धावपळीचा अर्थच लागत नाही.

जेरुसलेमात मंदिर उभं होतं तेव्हा शब्बाथ लागत असल्याची वर्दी रणशिंग फुंकून देत. जोसेफस या इतिहासकाराने त्याची नोंद केली आहे आणि १९६८ साली मंदिराच्या भिंतीपाशी उत्खनन करताना बेंजामिन माझार यांना एक कोरीव दगड सापडला, त्यावर रणशिंग फुंकण्याच्या जागेचा उल्लेख आहे. तालमुदात हा क्रम बारकाईने दिला आहे. पहिला नाद झाला की शेतातल्या माणसांनी काम थांबवायचं. दुसरा झाला की गावातली दुकानं बंद करायची. तिसऱ्याला दिवा लावायचा. त्यानंतर फुंकणारा थोडा थांबतो. किती? एक लहान मासा भाजून व्हायला किंवा तंदुरीला भाकरी चिकटवायला लागतो तेवढा वेळ. मग तो शेवटचे नाद करतो आणि शब्बाथ लागतो.

या क्रमाकडे मला तुमचं लक्ष वेधायचं आहे. सगळ्यात आधी सूचना मिळते ती सगळ्यात लांब असलेल्याला. शेतकऱ्याला घरी पोचायला वेळ लागणार, म्हणून पहिला नाद त्याच्यासाठी. दुकानदाराचं घर जवळ, त्याला दुसरा. घरातल्या बाईला तिसरा. आणि ज्याच्या चुलीवर अजून काही आहे त्याच्यासाठी एका माशाची सवड. शास्त्राने वेळ ठरवताना माणूस कुठे उभा आहे, त्याला घरी जायला किती चालावं लागेल, याचा विचार केला आहे. असं शास्त्र मला मोठं वाटतं.

आता मुख्य अडचण. सूर्य मावळला म्हणजे दिवस संपला, असं एकदम म्हणता येत नाही, कारण उजेड तर असतो. आणि तीन तारे दिसले म्हणजे रात्र झाली हे सर्वांना मान्य आहे. तालमुदातला दंडक असा: एक तारा दिसला तर अजून दिवस, दोन दिसले तर संधिकाळ, तीन दिसले की रात्र. तेही मध्यम आकाराचे तारे धरायचे. दिवसाउजेडी दिसतात ते मोठे मोजायचे नाहीत आणि काळोख दाटल्यावरच दिसतात ते बारीकही नाहीत. मधला जो काळ उरतो, सूर्यास्त आणि तीन तारे यांमधला, तो शंकेचा. तो दिवसाचा की रात्रीचा, की अर्धा याचा आणि अर्धा त्याचा, हे ठाऊक नाही, असं तालमूद सरळ लिहून ठेवतं. तो काळ केवढा, यावरही एकमत नाही. रब्बी योसे म्हणाले की पापणी लवावी एवढाच. पुढे बाराव्या शतकात फ्रान्समधले रब्बेनू ताम यांनी गणित मांडलं की खरी रात्र दिसत्या सूर्यास्तानंतर ७२ मिनिटांनी होते. बाबिलोनियातल्या जुन्या आचार्यांच्या परंपरेने तो काळ याहून बराच कमी धरला.

शंकेच्या जागी पाय टाकायचा तर कोणत्या बाजूने? शास्त्राचा नियम असा की, मूळ आज्ञेबद्दल शंका असेल तर कडक बाजू घ्यावी. म्हणून सण लागताना सूर्यास्त धरायचा आणि सण सुटताना तीन तारे धरायचे. शंकेचा काळ दोन्ही टोकांना सणाच्याच पदरात पडतो. त्यामुळे यहुदी शब्बाथ चोवीस तासांचा कधीच नसतो, तो पंचवीस तासांच्या आसपास जातो.

पण शास्त्र इथेही थांबलं नाही, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते पुढचं पाऊल. लेवीयच्या पुस्तकात प्रायश्चित्ताच्या दिवसाबद्दल, म्हणजे योम किप्पूरबद्दल, आज्ञा आहे. किप्पूर तर महिन्याच्या दहाव्या तारखेला येतो, पण आज्ञेत उपास नवव्या दिवशी संध्याकाळपासून करायला सांगितलं आहे. तालमूद विचारतं, नवव्याचा उल्लेख कशासाठी? त्यातून आचार्यांनी काढलं की साध्या दिवसाचा थोडा भाग कापून पवित्र दिवसाला जोडावा. किप्पूरला, शब्बाथला, बाकीच्या सणांनाही. हा भाग केवढा, ते त्यांनी मोजून दिलं नाही. पुढे रूढीने तो ठरत गेला. आज जगभर बहुतेक ठिकाणी शब्बाथचा दिवा सूर्यास्ताच्या १८ मिनिटं आधी लावतात, जेरुसलेमात ४० मिनिटं आधी. दिवा लावला की सण मानला. आणि ज्याला याहून आधी सण घ्यायचा असेल त्यालाही सोय आहे. दिवसाचे बारा सारखे भाग करून शेवटचा सव्वा भाग उरला, तिथपासून पुढे केव्हाही शब्बाथ स्वीकारता येतो. लंडनला डिसेंबरात सूर्य चारच्या आत मावळतो आणि जूनमध्ये सव्वानऊनंतर, तिथे उन्हाळ्यात लहान मुलांना जेवायला घालून झोपवायचं म्हणून लोक या सवलतीचा उपयोग करतात.

याला एक गोड अपवाद आहे. शावुओत हा सण वल्हांडणाच्या दुसऱ्या दिवसापासून एकोणपन्नास दिवस मोजून पन्नासाव्या दिवशी येतो. ते एकोणपन्नास दिवस पुरे भरले पाहिजेत अशी आज्ञा असल्याने त्या संध्याकाळी घाई न करता रात्र होईपर्यंत थांबण्याची रूढी पडली. म्हणजे कुठे पुढे व्हायचं आणि कुठे थांबायचं, याचाही विवेक आहे. आणि एखादा सण शनिवारी रात्री लागत असेल तर त्याचा दिवा आधी लावताच येत नाही, शब्बाथ सुटेपर्यंत थांबावं लागतं. २०२५ साली १२ एप्रिलला वल्हांडण असाच शनिवारच्या रात्री लागला. तेव्हाही नवीन काडी ओढायची नाही, आधीपासून तेवत असलेल्या ज्योतीवरून ज्योत घ्यायची.

आकाश स्वच्छ नसेल तर काय? चौथ्या शतकात बाबिलोनियात रावा नावाचे आचार्य होऊन गेले. त्यांनी आपल्या घरातल्या सेवकाला सांगितलं होतं की, तुम्हाला शास्त्रातले बारकावे कळत नाहीत, तेव्हा ऊन खजुरीच्या झाडांच्या शेंड्यावर असतानाच दिवा लावत जा. सेवकाने ढगाळ दिवसाचं विचारलं. गावात असाल तर कोंबड्यांकडे बघा, त्या वाशावर बसायला लागल्या की समजा. रानात असाल तर कावळ्यांकडे बघा. श्रोतेहो, हे वाचताना मला निर्मळ-भुईगावच्या वाड्या डोळ्यांपुढे आल्या. खजुरीऐवजी ताड आणि माड. सूर्य समुद्राला टेकला की माडांच्या झावळ्यांवर तेवढं केशरी ऊन उरतं आणि खाली केळीच्या बागेत अंधार झालेला असतो. घड्याळ नसलेल्या माणसाला याहून चांगली खूण कोणती द्यायची? आणि पावसाळ्यात ती खूणही जाते. जुलै-ऑगस्टात येणारा मंदिरविध्वंसाचा उपास बेने इस्रायल ‘बिरड्याचा रोजा’ म्हणून पाळतात. आपल्या किनाऱ्यावर त्या दिवसांत तीन तारे दिसायचे म्हणजे नशीबच. उपास सोडायला कोकणातल्या माणसाला कोंबड्या-कावळ्यांवर आणि आपल्या अंदाजावर भिस्त ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

बेने इस्रायलांची परंपरा सांगते की त्यांचे पूर्वज गलबत फुटून अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्याला लागले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या, पोथ्या बुडाल्या. हा इतिहास किती आणि आख्यायिका किती, यावर अभ्यासक वाद घालतात. पण पुढचं निर्विवाद आहे. कुलाबा जिल्ह्यातल्या गावांत हे लोक तेलाचा घाणा चालवत, शनिवारी घाणा बंद ठेवत, आणि म्हणून गावाने त्यांना ‘शनिवार तेली’ हे नाव दिलं. त्यांची आडनावंही गावांवरूनच पडली: दिवेकर, राजपूरकर, केहीमकर, झिराडकर. शतकानुशतकं हिब्रू पुस्तक हाती नाही, गुरू नाही, बाहेरच्या यहुद्यांशी संबंध नाही, आणि तरी शब्बाथ टिकला. घाण्याचं काम ज्यांनी पाहिलं आहे त्यांना कळेल की ते मधेच सोडता येत नाही. बैल जुंपला, तीळ किंवा खोबरं घातलं, की तो घाणा गाळून पुरा करावा लागतो. शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत हात रिकामे व्हायचे तर शेवटचा घाणा दुपारीच घातला जात असणार. तालमुदाचं एक अक्षर न वाचता या माणसांनी तालमुदाची आज्ञा रोजच्या धंद्यात अशी मुरवली होती.

पुढे कोचीनकडून आलेल्या डेव्हिड राहबी यांनी त्यांना ओळखलं अशी आठवण समाजात आहे. त्यांच्या काळाबद्दल मतभेद आहेत. सांगतात ते असं की, राहबींनी बायकांपुढे तऱ्हेतऱ्हेची मासळी ठेवली आणि त्यांनी पर व खवले असलेलीच तेवढी वेचून काढली. मग राहबींनी तिघांना धर्माचं शिक्षण दिलं आणि त्यांना काजी म्हणू लागले. १७९६ साली सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी मुंबईत पहिलं सिनेगॉग बांधलं. १८३२ साली जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचं व्याकरण छापलं, आणि जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी प्रार्थनेची पुस्तकं मराठीत आणली. १८७४ साली पुण्यात वल्हांडणाची सचित्र पोथी, हग्गादा, हिब्रू-मराठीत निघाली. तिच्या चित्रात बेखमीर भाकरी करणाऱ्या बायका लुगडं नेसलेल्या आहेत. हे चित्र मिळालं तर अवश्य पाहा.

हाईम सॅम्युएल केहीमकर यांनी १८९७ मध्ये समाजाचा इतिहास लिहून पुरा केला. तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला. त्यात सणांची जी जुनी नावं आली आहेत ती वाचताना आपल्याच घरात आल्यासारखं वाटतं. रोश हशाना, यहुद्यांचं नवं वर्ष, म्हणजे ‘नव्याचा सण’. योम किप्पूर म्हणजे ‘दारफाळणीचा सण’, दारं लावून घेण्याचा. पांढरे कपडे घालून, दार बंद करून, कोणाशी संपर्क न ठेवता दिवस काढायचा. दुसऱ्या दिवशी ‘शिळा सण’. पुरीम म्हणजे ‘होळीचा सण’.

शेवटचं नाव उगाच पडलेलं नाही. यहुदी पंचांग आपल्यासारखंच चांद्रमासाचं. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने घालून ते सूर्याशी जुळवून घेतात. त्यामुळे पुष्कळ वर्षी आश्विन आणि तिश्री, फाल्गुन आणि अदार हातात हात घालून चालतात. २०२५ साली १३ मार्चला आपल्याकडे संध्याकाळी होळी पेटली, त्याच संध्याकाळी पुरीम लागला. २२ सप्टेंबरला घटस्थापना झाली आणि त्याच सूर्यास्ताला नव्याचा सण लागला. २ ऑक्टोबरला दसरा होता, त्याच दिवशी किप्पूरचा उपास होता. मात्र किप्पूर दोन तारखेला ‘होता’ असं म्हणताना अर्धी गोष्ट सुटते. तो १ ऑक्टोबरला दिवस मावळायच्या आधीच लागला होता. छापील यादीतल्या एका तारखेने ते कळत नाही.

नव्याचा सण बेने इस्रायल पूर्वी एकच दिवस करत. बाकीचे यहुदी दोन दिवस करतात. दोन दिवसांची पद्धत का पडली? जुन्या काळी चंद्रकोर पाहिलेले साक्षीदार जेरुसलेमात येऊन साक्ष देत, मग महिना लागला असं जाहीर होई, आणि ती बातमी डोंगरमाथ्यांवर आग पेटवून, पुढे जासूद धाडून, दूरदूर पोचवत. जिथे बातमी वेळेवर पोचणार नाही तिथे चूक नको म्हणून दोन दिवस पाळू लागले. चौथ्या शतकात पंचांग गणिताने पक्कं झालं, तरी पूर्वजांची रीत म्हणून दुसरा दिवस राहिला. नव्याच्या सणाला तर खुद्द इस्रायलातही दोन दिवस पाळतात. शिक्षण वाढल्यावर बेने इस्रायलांनीही दोन दिवस स्वीकारले. त्यांच्या जुन्या एका दिवसाला काही लेखकांनी अज्ञान म्हटलं आहे, ते मला मान्य नाही. मोशेच्या पुस्तकात एकच दिवस सांगितला आहे. जासुदांची व्यवस्था ज्यांना कधी माहीतच नव्हती त्यांनी मूळ आज्ञा होती तशी जपली, हा त्यांचा मोठेपणा आहे.

सणाची तयारी बघा. शब्बाथच्या आशीर्वादासाठी द्राक्षरस लागतो. कोकणात द्राक्षं कुठली? बेने इस्रायल घरात काळ्या मनुका पाण्यात भिजत घालतात, फुगल्या की कुस्करून कपड्यातून गाळतात. पिळणं-गाळणं हे शब्बाथला वर्ज्य काम, म्हणून ते शुक्रवारी उजेडी आटोपतात. जुन्या पद्धतीचा दिवा म्हणजे काचेच्या पेल्यात पाणी, वर खोबरेल तेल, त्यात वात. तेल बेताचंच घालायचं नाही, रात्री पुरलं पाहिजे, कारण एकदा सण लागला की वात सारायची नाही, तेल घालायचं नाही. नव्याच्या सणाला चिकाचा हलवा होतो. गहू भिजवून, वाटून, त्याचा चीक काढून नारळाच्या दुधात आणि साखरेत घोटत बसायचं. घोटणाऱ्याचे हात भरून येतात. ताटात थापून वड्या पडेपर्यंत संध्याकाळ झालेली असते, आणि तोवर अंघोळ करून कपडेही बदललेले पाहिजेत. सणाची वेळ रब्बींनी ठरवली असेल, ती गाठून दिली आहे घरातल्या बायकांनी. ग्रंथांत त्यांची नावं नाहीत, म्हणून मी हे मुद्दाम सांगतो.

आता वसईकडे येतो. १५३४ च्या डिसेंबरात गुजरातच्या बहादूरशहाने तहात वसई आणि आसपासची बेटं पोर्तुगिजांना दिली. त्याच वर्षी गार्सिया द ऑर्ता हा वैद्य पोर्तुगालहून हिंदुस्थानात आला. तो नवख्रिस्ती, म्हणजे जबरदस्तीने बाप्तिस्मा दिलेल्या यहुदी कुळातला. पुढे वसईच्या हद्दीतलं मुंबई बेट त्याच्याकडे पट्ट्याने होतं. आपल्याकडच्या वनस्पती आणि औषधांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ साली गोव्यात छापला गेला. त्यानंतर दोनच वर्षांनी, १५६५ मध्ये, व्हेनिसला ‘शुल्हान आरुख’ छापला गेला. आजही यहुदी घरात सणाची वेळ, दिवा, उपास यांचा निवाडा पाहायचा तर हाच ग्रंथ उघडतात. त्याचे कर्ते योसेफ कारो हेही स्पेनमधून हाकललेल्या कुटुंबातले. एकाच आपत्तीने देशोधडीला लागलेली ही दोन माणसं. एकाला गॅलिलीच्या डोंगरातल्या सफेद गावात धर्म उघडपणे लिहिता आला, दुसऱ्याला आपल्या किनाऱ्यावर तो मनातच ठेवावा लागला.

इन्क्विझिशनला, म्हणजे चर्चच्या धर्मचौकशीच्या न्यायासनाला, असे गुप्त यहुदी ओळखायचे कसे? पोर्तुगालात १५३६ साली एक जाहीरनामा काढला गेला. शेजाऱ्यांनी कशावर नजर ठेवावी याची त्यात यादी होती. शनिवारी धुतलेले कपडे घालतात का. शुक्रवारी घर झाडतात का. सप्टेंबरातल्या उपासाला तारा दिसेपर्यंत अन्न वर्ज्य करतात का. आणि शुक्रवारी संध्याकाळी स्वच्छ दिव्यात नवी वात घालून तो बाकीच्या दिवसांपेक्षा लवकर लावतात का, आपोआप विझेपर्यंत तसाच ठेवतात का.

बाकीच्या दिवसांपेक्षा लवकर! आचार्यांनी सांगितलेली ती मोजकी मिनिटं, ते ‘थोडं आधी’, तेच इथे पुरावा म्हणून नोंदलं गेलं. शेजारच्या घरात अजून दिवा लागलेला नाही आणि या घरात लागला, एवढ्यावर माणसाचं नाव कागदावर चढत होतं. १५६० मध्ये गोव्यात इन्क्विझिशनचं न्यायासन बसलं आणि वसईसकट सगळा पोर्तुगीज मुलूख त्याच्या कक्षेत आला. ऑर्ता १५६८ साली वारला. दुसऱ्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला गोव्यात जिवंत जाळलं. १५८० मध्ये ऑर्ताची हाडं थडग्यातून उकरून जाळली. आपण वसईच्या किल्ल्यात जातो, चिमाजी अप्पांचा १७३९ चा पराक्रम आठवतो, ते योग्यच आहे. त्या पडक्या घरांपैकी एखाद्यात कधी कोणी खिडकी लावून घेऊन शुक्रवारचा दिवा लावला असेल का, याची नोंद राहणं शक्य नव्हतं, कारण न सापडणं हीच त्या घराची धडपड असणार. पण किल्ल्यात उभं राहिल्यावर त्या घराचीही आठवण ठेवावी, एवढी माझी विनंती आहे.

आज अशी भीती नाही. आजची अडचण घड्याळाची आणि रेल्वेची आहे. धर्मशास्त्र घड्याळ पाहत नाही, आपण उभे आहोत तिथला सूर्य पाहतं. १९०६ साली भारतीय प्रमाणवेळ आली ती मुंबईच्या स्थानिक वेळेपेक्षा ३९ मिनिटं पुढे, आणि मुंबईत स्थानिक वेळेचा वापर १९५५ पर्यंत टिकून होता. एकाच शहरात दोन वेळा चालत होत्या, पण शब्बाथच्या दिव्याला त्याने काही फरक पडला नाही, कारण सूर्य एकच होता. वसईत सूर्य मावळतो त्याच्या सुमारे पंचवीस मिनिटं आधी तो नागपूरला मावळलेला असतो. तेव्हा दुसऱ्या गावाची वेळ आपल्याला चालत नाही. आपल्या अक्षांशावर सूर्य बराच उभा बुडतो, म्हणून अंधारही लवकर पडतो. मार्च-सप्टेंबरात तीन तारे अर्ध्या तासाच्या आसपास दिसतात. लंडनला जूनमध्ये तासाहून जास्त वाट पाहावी लागते. आणि पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला गेलात तर वार कोणता हाच प्रश्न पडतो. १९४१ साली युरोपातून पळून जपानच्या कोबे शहरात पोचलेल्या यहुदी निर्वासितांनी किप्पूर नेमका कोणत्या दिवशी पाळावा, यावर जेरुसलेमच्या रब्बींना बैठक घ्यावी लागली होती, आणि तरीही एकमत झालं नाही.

मुंबईत नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो. म्हणजे दिवा पावणेसहाच्या आत. शब्बाथ लागल्यावर गाडीत बसायचं नाही. चर्चगेटजवळ नोकरी आणि वसईत घर असलेल्या माणसाने हे पाळायचं ठरवलं तर त्याला शुक्रवारी चारनंतर लगेच निघायला हवं, विरार लोकलमध्ये पाय ठेवायला जागा मिळाली तर. जुलैत सूर्यास्त सव्वासातच्या पुढे जातो, तेव्हा जरा जमतं. महाराष्ट्र सरकारने २०१६ मध्ये यहुदी समाजाला अल्पसंख्याक दर्जा दिला, ते चांगलं झालं. पण सणाची सुट्टी दुसऱ्या दिवसाची देऊन आदल्या दिवशी सहापर्यंत बसवून ठेवलं तर अर्धा सण हिरावला जातो. तुमच्यापैकी जे कचेरीत, शाळेत, बँकेत वरच्या जागेवर आहेत त्यांना माझं सांगणं आहे की, असा कोणी सहकारी आदल्या दुपारी लवकर सोडा म्हणाला तर त्याला सवलत मागणारा समजू नका. त्याचा सण तेव्हाच लागतो.

समाज आता फार थोडा उरला आहे. बहुतेक लोक १९४८ नंतर इस्रायलला गेले, अश्दोद, दिमोना, लोद या गावांत त्यांची मराठी अजून ऐकू येते. इथे काही हजारच राहिले. ठाण्याचं सिनेगॉग १८७९ चं, पनवेलचं १८४९ चं, अलिबागचं १८४८ चं. तिथल्या जुन्या माणसांना अजून आठवतं की त्यांची आजी दिवा कधी लावायची, ढगाळ संध्याकाळी कशावरून ओळखायची, तीन तारे कुठल्या अंगणातून बघायची. ग्रंथातला नियम छापलेला आहे, तो कुठे जात नाही. कोकणातल्या या खुणा कुठेच छापलेल्या नाहीत. वसईतल्या महाविद्यालयांत इतिहास आणि मराठी शिकणारी मुलं आहेत, त्यांनी वही घेऊन जावं आणि या आठवणी त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्याव्यात. आधी फोन करून विचारा, आणि शुक्रवारी दुपारनंतर किंवा शनिवारी जाऊ नका. रविवारी सकाळी जा.